मोटारीचे दिवे आणि त्यांचा फ्यूज

मनुष्यानें केलेल्या बहुतेक वस्तु न बिघडतां टिकाव्या यासाठीं केलेल्या असतात. फ्यूज मात्र वेळ आली असतां बिघडावा, एवढ्याचसाठीं केलेला असतो. ज्या दिवशीं तो जळतो त्या दिवशीं त्यानें आपलें काम चोख बजावलें असें समजावयाचें. आणि नेमकें त्याच दिवशीं आपण त्याला नांवें ठेवतों. "फ्यूज म्हणजे काय?" असा प्रश्न विज्ञानाच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षें विचारीत आलों आहों. उत्तर ठरलेलें असतें : "जास्त प्रवाह गेला असतां वितळणारी तार, सर." उत्तर बरोबर असतें, गुणहि पूर्ण मिळतात. परंतु हाच विद्यार्थी पुढें मोठा होऊन गाडी घेतो आणि तिचा फ्यूज उडाला म्हणजे चॉकलेटवरील चांदी त्यावर गुंडाळून मोकळा होतो! पुस्तकांतील फ्यूज आणि गाडींतील फ्यूज हे एकच, ही गोष्ट त्याच्या मनास शिवलेलीच नसते. म्हणून हा विषय वार्षिकाच्या मराठी विभागास फारसा शोभणारा नसला, तरी त्याविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें. पालकवर्गानेंहि ते वाचावे, कारण गाड्या त्यांच्याच आहेत.

घरांतील दिव्याला दोन तारा लागतात हें सर्वांस ठाऊक आहे. मोटारींत मात्र दिव्याकडे बहुधा एकच तार जाते. परतीची तार म्हणून गाडीच्या लोखंडी सांगाड्याचाच उपयोग करितात. बॅटरीचें ऋण टोंक जाड पट्टीनें सांगाड्यास जोडलेलें असतें. दिव्याचेंहि एक अंग जवळच्याच पत्र्यास पोंचविलेलें असतें. मिस्त्री लोक यास 'अर्थ' किंवा नुसतें 'बॉडी' म्हणतात. जुन्या कित्येक इंग्लिश गाड्यांत याच्या उलट, धन टोंक सांगाड्यास जोडीत. कसेंहि जोडलें तरी तांब्याची बचत होते, आणि ती थोडी नव्हे. पण धोक्याचें मूळहि याच काटकसरींत आहे. गाडींतील प्रत्येक पत्रा, प्रत्येक खिळा, प्रत्येक बिजागरी ही परतीची वाट होऊन बसते. तारेवरील आवरण कोठें मोहरीएवढें जरी खरवडलें आणि आंतील तांबें पत्र्यास लागलें, तरी विजेला दिव्यापर्यंत जाण्याची गरज उरत नाहीं. ती तेथूनच परत फिरते. यालाच 'शॉर्ट' म्हणतात.

येथें थोडा हिशेब करणें अवश्य आहे; विद्यार्थ्यांनीं तो टाळूं नये. मागील लाल दिव्याचा बल्ब बहुधा ५ वॅटचा असतो. मागचे दोन, पुढचे लहान दोन आणि नंबरपाटीवरील दोन, असे ६ बल्ब मिळून ३० वॅट झाले. बॅटरी १२ व्होल्टची. तेव्हां प्रवाह अडीच अँपिअर. डॅशबोर्डांतील बारीक दिवे धरले तरी तीन अँपिअरांच्या घरांत. आतां तारेचा रोध पाहूं. पाऊण चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार पांच मीटर घेतली, तर तिचा रोध सुमारें ०.११५ ओहम भरतो. दिवा वगळून एवढाच रोध मध्यें राहिला, तर ओहमच्या नियमाप्रमाणें प्रवाह शंभर अँपिअरांच्या घरांत जातो. तीन कोठें आणि शंभर कोठें! हा फरक ध्यानांत आला म्हणजे दिव्यांचा फ्यूज "उगीच" उडत नाहीं, हेंहि ध्यानांत येईल. तीन अँपिअरांच्या मार्गावर दहा अँपिअरांचा फ्यूज घातलेला असतो. मध्यें एवढें अंतर असतांना तो उडाला, तर 'फ्यूज कमजोर होता' असें म्हणणें म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटरला दोष देण्यासारखें आहे.

ज्या ओहमचा हा नियम, तो एका कुलुपें करणाऱ्याचा मुलगा. बापानें स्वतः शिकून मुलांस गणित शिकविलें. पुढें हा कोलोन येथील विद्यालयांत गणित व पदार्थविज्ञान शिकवीत असे, आणि १८२७ सालीं त्यानें आपला नियम पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. त्याच्या देशांत प्रथम त्याची कोणी फारशी कदर केली नाहीं. १८४१ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास पदक दिलें, तेव्हां त्याचें नांव झालें. त्याच १८४१ सालीं जूल यानें तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें प्रसिद्ध केलें. शाळामास्तरांच्या हातून झालेलीं कामें सांगण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं, याबद्दल वाचक क्षमा करोत. पण जूलचा हा 'वर्ग' पुढें फार कामास येणार आहे.

हल्लींच्या बहुतेक गाड्यांत दोन पात्यांचे चपटे फ्यूज असतात. ते १९७६ च्या सुमारास निघाले. त्यांच्या रंगावरून त्यांची मर्यादा कळते : ५ अँपिअरांचा फिकट बदामी, साडेसातांचा तपकिरी, दहांचा लाल, पंधरांचा निळा, विसांचा पिवळा, पंचविसांचा पांढरा किंवा पारदर्शक आणि तिसांचा हिरवा. दहांचा फ्यूज अकरा अँपिअर होतांच पटकन उडतो असें मात्र नाहीं. थोडा अधिक प्रवाह तो बराच वेळ सोसतो. दुप्पट झाला म्हणजे पांच सेकंदांच्या आंत वितळतो. जुन्या इंग्लिश गाड्यांच्या कांचेच्या नळींतील फ्यूजवर तर जो आंकडा असे, तो सतत वाहून नेण्याचा नसून उडण्याचा असे. ३५ लिहिलेला फ्यूज सतत अवघा साडेसतरा अँपिअरच नेई. असा फ्यूज बदलतांना आंकड्यास आंकडा जुळवून नवीन पद्धतीचा घातला, तर तारेचें रक्षण निम्मेंच राहतें. जुन्या गाड्यांचा शोक असणाऱ्या पालकांनीं ही गोष्ट विसरूं नये.

आतां आमच्या शाळेच्या व्हॅनची हकीकत. २०२३ सालच्या डिसेंबरांत नाताळचीं गीतें गाण्यासाठीं मुलांस घेऊन ही व्हॅन रोज संध्याकाळीं आसपासच्या खेड्यांतील मंडळ्यांकडे जात असे. एका सोमवारीं सकाळीं आमचे ड्रायव्हरकाका प्रयोगशाळेच्या दारांत येऊन उभे राहिले. त्यांनीं रुमालाची गांठ सोडून चार जळके लाल फ्यूज टेबलावर ठेवले.

"सर, हें काय आहे तें बघा बरं. दिवे लावून निघालों कीं दोन-तीन मैलांवर उडतो. डॅशबोर्डावरचा उजेड जातो, मग खालीं उतरून बघतों तर मागचे दिवे बंद."

"मग काका, आतां कोणता घातला आहे?"

"हिरवा. रस्त्यावरच्या मिस्त्र्यानें दिला. आतां उडत नाहीं. पण वास येतोय."

येथें काकांविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण ही हकीकत ऐकून कित्येकांनीं त्यांस बोल लाविला, आणि तें आम्हांस आवडलें नाहीं. ते दिवस ऊस-हंगामाचे होते. त्या दिवसांत आमच्या भागांतील रस्त्यांवर रात्रीं काय चालतें तें सर्वांस माहीत आहे : उसानें भरलेल्या ट्रॉल्या, बैलगाड्या, मागून भरधांव येणारे ट्रक. अशा रस्त्यावर मागचा दिवा नसलेली गाडी, आणि तींत चौदा मुलें! मागून कोणी येऊन आदळूं नये म्हणून त्या मनुष्यानें दिवा कसाबसा लागता ठेविला. त्यांची चिंता खरी होती. मात्र उपाय असा होता कीं, एक संकट गाडीच्या मागून उचलून गाडीच्या आंत आणून ठेवावें.

तें कसें, हें जूलच्या नियमानें पाहावें. तार पत्र्यास घट्ट न चिकटतां नुसती घासत असेल, तर शॉर्टचा प्रवाह शंभरापर्यंत जात नाहीं. समजा २५ अँपिअर झाला. लाल फ्यूज तेवढ्यानेंहि उडतो. तिसांचा हिरवा मात्र स्वस्थ बसून राहतो. नेहमींच्या अडीच अँपिअरांच्या ठिकाणीं २५, म्हणजे प्रवाह दसपट. पण उष्णता शंभरपट. जी तार एरवीं तळहातास ऊन लागत नाहीं, तींत सत्तर वॅट उष्णता उत्पन्न होऊं लागते, आणि तीहि प्लास्टिकच्या पट्टीखालीं, इतर तारांच्या जुडग्यांत कोंडलेली. फ्यूज जळत नाहीं याचा अर्थ एवढाच कीं, आतां तारच फ्यूज झाली.

दुसऱ्या दिवशीं वसतिगृहांतील मुलें सुटीसाठीं गांवोगांवीं पोंचवावयाचीं होतीं. "नाताळ होईपर्यंत हिरवाच राहूं द्या, मग बघूं," असें सुचविणारेहि निघाले. आम्हीं पाना घेऊन बॅटरीची ऋण पट्टी सोडविली, आणि डाव्या बाजूच्या दाराखालची प्लास्टिकची पट्टी उचकटून सूचना करणारांस आंत पाहावयास सांगितलें. मुलांच्या आसनाच्या अगदीं कडेला, वीतभर लांबीपर्यंत दोन तारांचीं आवरणें वितळून एकमेकांस चिकटलीं होतीं. तीन रात्री मुलें त्या आसनावर बसून गात होतीं. परमेश्वराचे आभार मानावे तितके थोडे. मग कोणी कांहीं बोललें नाहीं.

(ऋण पट्टीच आधीं कां सोडवावयाची, असें एका विद्यार्थ्यानें विचारलें, प्रश्न चांगला होता. धन टोंक सोडवितांना पाना चुकून सांगाड्यास लागला, तर तेथेंच शॉर्ट होऊन ठिणग्या उडतात. ऋण टोंक सोडवितांना तो लागला तरी बिघडत नाहीं, कारण तें सांगाड्यास जोडलेलेंच आहे.)

दिवा लागत नाहीं, यांत तीन निरनिराळे रोग येतात, आणि ते ओळखल्यावांचून हात घालूं नये. बल्ब गेला किंवा तार तुटली, तर तेवढाच दिवा जातो व फ्यूज शाबूत राहतो. 'अर्थ' गंजला, तर दिवे मंद होतात आणि चमत्कारिक खेळ दिसतात. सिग्नल लाविला कीं मागचा दिवाहि लुकलुकतो; ब्रेक दाबला कीं भलतेंच कांहीं उजळतें. प्रवाहास परतीची वाट न मिळाल्यामुळें तो शेजारच्या बल्बांतून वाट काढीत असतो. फ्यूज यांतहि उडत नाहीं. फ्यूज उडतो तो शॉर्टमध्यें. मग तो केव्हां उडतो तें विचारावें : बटन दाबतांच, ब्रेकबरोबर, कीं खड्ड्यांतून जातांना? आमच्या काकांनीं "दोन-तीन मैलांवर" म्हटलें होतें. यावरून तार कोठें तरी हलून लागते आहे, असा आम्हीं तर्क केला. ब्रेकचे दिवे नीट लागत होते. त्यांचा फ्यूज वेगळा, तेव्हां तो मार्ग सोडून दिला. इतक्यानें अर्धी गाडी चौकशींतून सुटली.

वितळलेला तुकडा कापून काढून तेवढ्यापुरती नवी तार आधीं घातली. पण तो रोग नव्हता, रोगाची खूण होती. मूळ शॉर्ट शोधण्यासाठीं एकामागून एक फ्यूज जाळीत बसणें हा मूर्खपणा होय. मिस्त्री लोकांची एक जुनी युक्ति आहे, तीच योजिली. हेडलाइटचा ५५ वॅटचा एक बल्ब घेतला, त्यास दोन तारा लाविल्या आणि फ्यूजच्या जागीं तो बसविला. या मार्गावरील सर्व बल्ब काढून ठेविले. पुन्हां बॅटरी जोडून दिव्यांचें बटन दाबलें. शॉर्ट नसता तर आमचा बल्ब लागण्याचें कारण नव्हतें. डॅशबोर्डांतील बारीक दिवे काढतां येत नाहींत, पण त्यांच्या प्रवाहानें असला बल्ब लालहि होत नाहीं. येथें मात्र तो लख्ख पेटला. म्हणजे शॉर्ट त्याच क्षणीं हजर होता. आणि विशेष हें कीं, बल्ब मध्यें असल्यामुळें प्रवाह साडेचार अँपिअरांवर जाऊं शकत नव्हता. तार तापत नाहीं, फ्यूज जळत नाहीं, आणि रोग आपल्यापुढें उजेड पाडून उभा राहतो! यानंतर एकेक फांटा सोडवीत जावयाचें. ज्या क्षणीं बल्ब विझेल त्या फांट्यावर दोष.

परंतु फांटे सोडविण्यासाठीं निम्मी व्हॅन उघडावी लागली असती. म्हणून नववीच्या मुलांस आम्हीं प्रयोगशाळेंतील होकायंत्र आणावयास सांगितलें. तारेंतून प्रवाह गेला कीं जवळची चुंबकसूचि हलते, हें कोपनहेगनच्या अर्स्टेडनें १८२० सालीं दाखविलें. आमच्या मुलांनीं तें पाठहि केलें होतें. एका मुलास फ्यूजच्या पेटीजवळ बसवून बल्बाची तार सेकंदासेकंदास टेंकवावयास व काढावयास सांगितलें. दुसरा होकायंत्र घेऊन तारेच्या मार्गावरून हळूहळू मागें सरकूं लागला. गाडीच्या लोखंडामुळें सुई उत्तर दाखवीत नाहीं, भलतीकडेच तोंड करते. पण ती कोठेंहि पाहत असो, पुढचा बल्ब लागला कीं झटका देते, एवढें पुरे. डाव्या बाजूनें मागपर्यंत सुई झटके देत गेली. मागच्या कोपऱ्यांत तारेचे फांटे झाले होते. उजव्या दिव्याकडे जाणाऱ्या फांट्यावर सुई स्तब्ध. वर, मागच्या दाराच्या बिजागरीकडे जाणाऱ्या फांट्यावर पुन्हां झटके. जो धडा मुलांनीं परीक्षेसाठीं घोकला होता, तो मुलांच्या हातांत नाचूं लागला. त्या वेळचे त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होते.

इतक्यांत एक मौज झाली. आपलें दप्तर ठेवावें म्हणून एका मुलानें मागचें दार उघडलें आणि पुढून ओरडा आला, "सर, बल्ब विझला!" दार लाविलें, पेटला. उघडलें, विझला. त्याबरोबर सारा उलगडा झाला. नंबरपाटीवरील दिवा मागच्या दारावर असतो, आणि त्याची तार बिजागरीजवळ रबराच्या नळींतून दारांत शिरते. दार उघडतांना व लावतांना ती रोज वांकते. वांकून वांकून आवरणास भेग पडली होती, आणि दार बंद असतांना तेवढें उघडें तांबें पत्र्याच्या कांठावर टेंकत होतें. मिस्त्र्यास दोष कां सांपडला नाहीं, हेंहि कळलें. मागचे दिवे तपासावयाचे म्हणून तो प्रथम दार उघडी, आणि दार उघडतांच दोष नाहींसा होई!

रबराची नळी सोडविल्यावर भेग दिसली. जवळच पत्र्यावर एक काळा ठिपका होता. अशा वांकत्या जागीं डाग देऊन सांधा करूं नये. डागाच्या कडेशीं तार ताठ होते व तेथेंच पुन्हां तुटते. आम्हीं बारीक सुतांची लवचीक तार घेतली, सांधे नळीच्या दोन्ही बाजूंस पुष्कळ दूर ठेवून दाबसांध्यानें केले, वर तापवून आंवळणारी नळी चढविली आणि पत्र्याच्या भोंकांत नवें रबरी कडें बसविलें. सर्व बल्ब परत लाविले. फ्यूज लाल, दहाचाच. दुसऱ्या दिवशीं मुलें घरीं पोंचलीं. साऱ्या कामास सामान किती लागलें म्हणाल, तर दोनशें रुपयांच्या आंत.

बल्ब परत लावतांना एक सावधगिरी सांगावयाची राहिली. ब्रेकचा व मागचा दिवा मिळून जो दोन तंतूंचा बल्ब असतो, त्याच्या दोन खुंट्या उंचीला सारख्या नसतात. त्या जागीं एका तंतूचा बल्ब जोर करून बसविला, तर त्याचें एकच टोंक होल्डरांतील दोन्ही टोंकांस लागतें. मग ब्रेक दाबला कीं डॅशबोर्ड उजळतो आणि लोक विनाकारण सारें वायरिंग उकलीत बसतात.

रात्रीं वाटेवरच फ्यूज उडाला तर काय करावें, हें पालक आम्हांस नेहमीं विचारतात. काकांच्या जागीं कोणीहि येऊं शकतो, म्हणून सांगतों. गाडी रस्त्यापासून दूर घ्यावी व चारी सिग्नल लावावे. त्यांचा मार्ग बहुधा निराळा असतो व ते लागतात. रेडिओसारख्या, ज्यावांचून अडत नाहीं अशा एखाद्या मार्गावरील त्याच रंगाचा फ्यूज काढून एकदांच घालून पाहावा. तोहि उडाला, तर तिसरा घालूं नये. मोठा तर नाहींच. तार नाहीं, चांदी नाहीं. माणसें गाडींतून उतरवून रस्त्यापासून दूर उभीं करावीं, मागें लाल त्रिकोण ठेवावा आणि दुसरें वाहन बोलवावें. उशीर होईल, जेवण निवेल, घरचीं वाट पाहतील. होऊं द्यावें.

अगदीं नव्या गाड्यांविषयीं मात्र वरील युक्त्या सरसकट लागू नाहींत. त्यांत कित्येक दिव्यांचा प्रवाह फ्यूजऐवजीं एक इलेक्ट्रॉनिक पेटी मोजते आणि अधिक झाल्यास स्वतःच बंद करिते. तेथें ५५ वॅटचा बल्ब मध्यें घालून पाहणें म्हणजे त्या पेटीचाच जीव घेणें होय. एल.ई.डी. दिवे तर इतका थोडा प्रवाह घेतात कीं, दिवा गेला असें समजून कांहीं गाड्या उगीच इशारा देतात. आणि पिवळ्या आवरणाच्या ज्या तारा वा जोड दिसतील, ते बहुधा अपघातसमयीं फुगणाऱ्या एअरबॅगचे असतात. त्यांस बल्ब, सुई, मीटर, कांहींहि लावूं नये. अशा गाडीच्या वायरिंगचा छापील नकाशा हातीं नसेल, तर तिच्या तारांस हात न लावतां ती जाणत्याकडे न्यावी.